अध्यक्षसाहेब घरी नाहीत

पाटी दारावर लागली तेव्हा मोजणीवाली कामावर होती. संध्याकाळी धुळीने माखलेले बूट काढायला ती दारात वाकली, सहज वर पाहिले, आणि एक बूट पायात, एक हातात, अशीच उभी राहिली.

"अगं ए, जरा बाहेर ये! आपल्या घरात कोण राहायला आलंय बघ."

चष्मेवाली बाहेर आली. तिचे स्वतःचे चष्म्याचे दुकान होते. लोकांना भिंतीवरची अक्षरे वाचायला लावण्यात तिची वीस वर्षे गेली होती, तरी ही पाटी तिला दोनदा वाचावी लागली.

झाले होते ते असे. इमारतीला नवा रंग दिल्यावर कमिटीने ठरवले की सगळ्या दारांवर एकसारख्या पाट्या हव्यात, आणि त्यांवर घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावे हवीत. मोजणीवालीने सुवाच्य अक्षरात दोन नावे लिहून दिली. वर चष्मेवालीचे, खाली आपले. पाट्या करणाऱ्या पेंटरने खालच्या नावाचा शेवटचा काना खाल्ला. बाकी काही नाही. पण तिचे नाव असे होते की तेवढा काना गेला की बाईचा थेट बाप्या होई. मग पेंटरला शंका आली, बाईचे नाव वर आणि बाप्याचे खाली, हे कसे? त्याने क्रम बदलला. क्रम बदलल्यावर दोन्ही नावे उघडीबोडकी दिसू लागली, म्हणून एका नावाआधी 'श्री.' लावले आणि दुसऱ्याआधी 'सौ.'.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाली त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"ताई, कागदावर उलटं लिहिलं होतं," पेंटर म्हणाला. "मी सुलटं केलं. आजवर माझ्या हातून चुकीची पाटी बाहेर गेलेली नाही."

"अहो, पण असा कुणी माणूसच नाही आमच्या घरात!"

"येईल," पेंटर धीर देत म्हणाला. "योग यावा लागतो."

"पाटी बदलून द्या."

"भट्टीतून काढलेला पत्रा आहे, ताई. पुसता येत नाही. पुढचा रंग निघाला की सगळ्यांबरोबर एकदम बदलू."

पुढचा रंग सात वर्षांनी निघणार होता.

मोजणीवालीचा धंदा जमिनी मोजायचा. वीतभर हद्द सरकली तर तिला जेवण जात नसे; इथे तर आख्खी तीच सरकली होती. त्यातून हे घर म्हणजे तिचा दुखरा दात. घर चष्मेवालीच्या नावावर होते. दोघी नऊ वर्षे तिथे संसार करत होत्या, आणि नऊ वर्षे कमिटीच्या रजिस्टरात मोजणीवालीची नोंद 'पाहुणी, एक' अशी होती. सहसभासद म्हणून तिचे नाव लावावे, असा अर्ज त्यांनी चार वेळा केला. सेक्रेटरी चारही वेळा रजिस्टर उघडून दाखवत. "नात्याच्या रकान्यात पती, पत्नी, आई, वडील, मुलं आहेत. तुम्ही कुठे बसता सांगा."

"इतर आहे ना शेवटी?"

"'इतर'मध्ये आम्ही कुत्री लिहितो, ताई. बरं दिसणार नाही."

त्यांनी लपवले असते तर गोष्ट वेगळी. पण दोघी पहिल्या दिवसापासून सरळ सांगत आल्या होत्या. ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत ते पोचायचे, आत शिरायचे नाही. एका वर्षी इमारतीच्या स्नेहसंमेलनात त्यांना 'आदर्श मैत्रिणी' म्हणून कप दिला. चष्मेवालीने माईक हातात घेऊन स्पष्ट सांगितले, "आम्ही मैत्रिणी नाही आहोत. आम्ही जोडपं आहोत." टाळ्यांचा कडकडाट झाला. तळमजल्यावरच्या काकूंनी डोळे पुसले. "किती छान बोलली गं! अशी मैत्री हवी बाई."

एवढ्यावर हसून सोडून देता आले असते. पण मागच्या वर्षी चष्मेवालीचे पोटाचे ऑपरेशन झाले. ती हॉस्पिटलात असताना तिचा भाचा, जो एरवी फोनही करत नसे, तो टेप घेऊन घरी आला आणि दिवाणखान्याच्या खिडक्यांची मापे घेऊ लागला. पडदे बदलावे म्हणतो, असे म्हणाला. त्याने खिडकी साडेतीन इंच कमी मोजली, हे मोजणीवालीला आणखीनच लागले. त्याच आठवड्यात सेक्रेटरी दारात आले. "मॅडमचं काही बरंवाईट झालं, तर पाहुण्यांनी किती दिवसांत घर सोडायचं, ते आधी ठरवून ठेवलेलं बरं. मागाहून मनं दुखावतात." चष्मेवाली ठणठणीत बरी होऊन आली. मोजणीवाली मात्र तेव्हापासून त्या खिडकीकडे पाहिले की गप्प होई.

आता ही पाटी.

सेक्रेटरी निवृत्त हेडक्लार्क. समोर उभ्या माणसापेक्षा लिहिलेल्या अक्षरावर त्यांचा विश्वास जास्त. त्यांनी जिन्याजिन्याने फिरून पाट्यांवरून रजिस्टर नवे केले, आणि आठच दिवसांत दाराखालून एक पत्र आत सरकले. "श्री. यांस," असे सुरू होऊन त्यात कळवले होते की सभासदाचे पती या नात्याने आपले नाव सहसभासद म्हणून लावण्यात आले आहे, अर्जाची आवश्यकता नाही, आणि पार्किंगची चार नंबरची जागा आपल्याला देण्यात येत आहे. कळावे, लोभ असावा.

"नऊ वर्षं माझी स्कूटर बाहेर रस्त्यावर भिजतेय," मोजणीवाली म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "आणि ह्याला आल्या आल्या जागा?"

"मग लाव ना तुझी स्कूटर तिथे."

"जागा माझी नाहीये. त्याची आहे."

"अगं, तो म्हणजे तूच की!"

"मग मला का नाही दिली?"

मोजणीवाली तशीच पत्र घेऊन सेक्रेटरींकडे गेली.

"ह्यात चूक आहे. हा माणूस नाहीये. हे माझं नाव आहे, काना गळलाय."

"दुरुस्ती करू की," सेक्रेटरी म्हणाले. "फक्त ज्यांच्या नावाची दुरुस्ती, त्यांची समक्ष सही लागेल. साहेबांना पाठवा."

"साहेब म्हणजे मीच हो!"

"मान्य आहे," सेक्रेटरी समजूतदारपणे हसले. "आमच्याही घरात हीच साहेब. पण सही माझीच लागते."

ती परत फिरली. स्कूटर मात्र त्या दिवसापासून चार नंबरवर लागू लागली. सेक्रेटरींना हरकत नव्हती. साहेबांच्या जागेवर साहेबांच्या पाहुण्यांची गाडी, घरगुती मामला होता.

आणि मग साहेब लोकांना भेटू लागले. दाराबाहेर चिखलाचे भलेमोठे बूट असत, खुंटीवर हेल्मेट असे. ते सगळे मोजणीवालीचेच आणि नऊ वर्षे तिथेच होते. पण आता त्यांना मालक मिळाला. तळमजल्यावरच्या काकूंनी तिला जिन्यात गाठले.

"काल ताईचे यजमान भेटले बरं का मला. सकाळी सहाला निघाले होते, डोक्यावर हेल्मेट. काय सभ्य माणूस! मान वर करून बघितलं नाही."

"काकू, ती मी होते."

"तू पण होतीस? मला तेच दिसले फक्त. आणि गेल्या महिन्यात आमचं कपाट वर चढवायला कोण आलं होतं? तेच! एकट्याने पाठीवर घेतलं. मी यांना म्हटलं, शिका जरा."

कपाट मोजणीवालीनेच चढवले होते. तिची कंबर चार दिवस धरली होती. काकूंनी तेव्हा तिला पाणीसुद्धा विचारले नव्हते.

पावसाळ्यापूर्वी कमिटीचे जुने अध्यक्ष घर विकून मुलाकडे राहायला गेले आणि खुर्ची रिकामी झाली. तिघे जण उभे राहिले. पहिल्याच्या घरातून खालच्यांच्या छतावर पाणी गळायचे, दुसऱ्याचे तिसऱ्याशी बोलणे नव्हते, आणि तिसरा बोलायला लागला की थांबत नसे. सभा दोन तास चालली. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणाले, "ते तिसऱ्या मजल्यावरचे साहेब का नकोत? नऊ वर्षांत कधी भांडले नाहीत, कधी तक्रार नाही, सभेत एक शब्द वावगा बोलले नाहीत."

"सभेला तरी कुठे येतात?" एकाने विचारले.

"तेच म्हणतोय मी!"

साहेब एकमताने निवडून आले. मोजणीवाली सभेत मागच्या खुर्चीवर होती. पाहुण्यांना मत नसते, पण बसायला मिळते. सेक्रेटरींनी पुष्पगुच्छ आणून तिच्या हातात दिला. तिने घेतला, क्षणभर तिला भरूनही आले. तेवढ्यात ते म्हणाले, "साहेब आले की द्या. पाण्यात ठेवा तोवर."

दुसऱ्या दिवसापासून सह्यांसाठी कागद वर येऊ लागले. "साहेब आहेत का?" शिपाई विचारी. "अध्यक्षसाहेब घरी नाहीत," चष्मेवाली गोड आवाजात सांगे आणि फाइल ठेवून घेई. मोजणीवालीने पहिल्या दिवशी सही करायला साफ नकार दिला.

"खोटं आहे हे."

"नाव कुणाचं आहे?" चष्मेवालीने विचारले.

"माझं."

"सही कुणाची करणार?"

"माझीच की."

"मग खोटं काय त्यात? त्यांना वाचता येत नाही, हा तुझा दोष नाही. मी रोज बघते, नंबर वाढलेला असला तरी माणूस म्हणतो मला दिसतंय."

मोजणीवालीने सही केली. काना तिच्या सहीत पूर्वीपासूनच नव्हता. दोन अक्षरे आणि एक शेपूट, कुणी काहीही वाचावे. आणि एकदा कागद हातात आल्यावर मात्र तिला राहवेना. वरच्या पाण्याच्या टाकीला तडा आहे, हे ती पाहुणी म्हणून तीन वर्षे सांगत होती. आता तिने अध्यक्षांच्या वतीने चार ओळी लिहिल्या, तडा किती मिलिमीटर रुंदावला आहे त्याचे चित्र जोडले, आणि आठ दिवसांत दुरुस्ती झाली. लिफ्ट सुरू झाली. जिन्यातला दिवा लागला. सभांना साहेब येत नसत, पाहुण्यांच्या हाती चिठ्ठी पाठवत, आणि सेक्रेटरी ती उभे राहून वाचत.

"काय डोकं आहे!" काकू म्हणत. "आमच्या इमारतीला असा माणूस आधी का नाही मिळाला?"

"मिळाला होता," मोजणीवाली दातओठ खात म्हणे. "पाहुणी होता."

"हो, तूही मदत करतेस हं. चिठ्ठ्या आणतेस."

एका रविवारी चहा पिता पिता मोजणीवालीची नजर पुन्हा खिडकीवर गेली आणि तिने कप खाली ठेवला.

"ह्या माणसाचं सगळे ऐकतात ना?"

"देवासारखं."

"मग एक नियम करू या."

दोघींनी मिळून मसुदा लिहिला. पाच वेळा खोडला, कारण चष्मेवालीला तो मोठ्या अक्षरांत हवा होता आणि मोजणीवालीला हद्दीची एकही फट राहायला नको होती. शेवटी असा झाला: जी दोन सज्ञान माणसे आपखुशीने एकत्र घर चालवतात, ती कुणीही असोत, लग्नाचा कागद असो वा नसो, ती एकमेकांची जोडीदार म्हणून नोंदली जातील, दोघांचे हक्क सारखे, आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याला घराबाहेर काढता येणार नाही. खाली अध्यक्षांची सही.

सभेत सेक्रेटरींनी ते उभे राहून वाचले.

"म्हणजे नेमकं कोण?" बोलायला लागले की न थांबणारे ते गृहस्थ म्हणाले. "कुणीही असोत म्हणजे?"

"साहेबांनी लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार," सेक्रेटरी म्हणाले. "टाकीच्या वेळीसुद्धा आपल्याला काही कळलं नव्हतं."

हे सगळ्यांना पटले. हात वर झाले. मागच्या खुर्चीवर मोजणीवालीने स्वतःच्या मांडीला चिमटा काढला, आणि तिला इतके हलके वाटले की ती उभीच राहिली. पुढे जे झाले ते ठरलेले नव्हते. चष्मेवालीचे म्हणणे होते, साहेबांना गुपचूप बदलीवर पाठवून द्यावे, कुणाचे काही बिघडत नाही. पण मोजणीवालीला चुकीचा नकाशा आयुष्यभर टाचून ठेवता आला नसता.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "साहेब नाहीयेत. असा माणूसच नाही. कधीच नव्हता. मीच होते."

सेक्रेटरींनी हातातला कागद खाली ठेवला. आता चोर, लबाड, फसवणूक असे काहीतरी कानावर येणार, म्हणून ती खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिली. पण समोरून काकू उठल्या, जवळ आल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"बाई गं! कधी गेले सोडून?"

"कोण?"

"असंच म्हणतो माणूस दुखावला की. माझी बहीण तीन वर्षं म्हणत होती, असा माणूस माझ्या आयुष्यात नव्हताच. ताईची काय अवस्था असेल! म्हणून तुला पाठवलं होय सांगायला?"

"काकू, कुणी गेलं नाही! नव्हताच तो!"

"रागावू नकोस. रड मोकळी."

सेक्रेटरी खोल आवाजात म्हणाले, "आणि जाता जाता आपल्याला नियम करून देऊन गेले. केवढा माणूस!" सगळ्यांनी दोन मिनिटे माना खाली घातल्या. मोजणीवालीनेही घातली, कारण हसू की रडू ते तिचे तिलाच कळेना.

तीन दिवसांनी दोघी सेक्रेटरींच्या टेबलासमोर उभ्या होत्या. नव्या नियमाखालचा पहिला अर्ज. चष्मेवालीने तो मुद्दाम ठळक लिहिला होता.

सेक्रेटरींनी वाचला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. ओठ हलवत ते 'एकमेकांची जोडीदार' या शब्दांपाशी थांबले. मग त्यांनी एकीकडे पाहिले, दुसरीकडे पाहिले, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे तोंड उघडे राहिले.

"म्हणजे तुम्ही दोघी... अस्सं!"

"हो," मोजणीवाली म्हणाली.

"आणि साहेब असताना, त्याच घरात?"

"अहो, साहेब..."

"बोलू नका! त्या माणसाने सगळं बघितलं असेल. कळलं असेल त्याला. आणि तरी तुमच्यासाठी नियम करून निघून गेला!" त्यांनी अर्ज दूर सारला. "मला तुमचं तोंड बघायची इच्छा नाही. पण नियम साहेबांचा आहे. त्यांचा शब्द मी मोडणार नाही."

त्यांनी रजिस्टर ओढले, 'पाहुणी, एक' यावर पट्टी धरून काट मारली आणि शेजारी, रागाने कागद फाटेल इतके दाबून, 'जोडीदार' असे लिहिले. शिक्का तर असा आपटला की पेला लवंडला.

बातमी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जायला पाऊण तास लागला. मोजणीवाली भाजी घेऊन येईपर्यंत काकू जिन्यात कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या जे बोलल्या ते तिने मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग ती एकेक पायरी चढून वर आली, दार लोटून घेतले आणि पाठ टेकून उभी राहिली.

चष्मेवाली घाबरून पुढे आली. "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पाहुणी म्हणून शिरले आणि पहिल्या दिवसापासून तुझ्यावर डोळा ठेवला. तुझा सोन्यासारखा नवरा घराबाहेर काढला. त्याच्या ताटात जेवते, त्याच्या बिछान्यात झोपते, आणि आता आपण दोघी लाजलज्जा सोडून खुशाल नवराबायकोसारख्या राहतोय."

"असं म्हणाल्या? नवराबायकोसारख्या?"

"तोंडावर. सगळा जिना ऐकत होता."

चष्मेवाली मटकन खुर्चीत बसली. मग तिचे खांदे हलू लागले, आणि मोजणीवालीला वाटले की रडते आहे. जवळ जाऊन पाहते तर हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"म्हणजे कळलं त्यांना!" ती कसेबसे म्हणाली. "नऊ वर्षांनी, पण कळलं गं एकदाचं!"

मोजणीवाली भाजीच्या पिशवीसकट तिच्याशेजारी खाली जमिनीवर बसली. खालच्या मजल्यावर अजून कुणीतरी तावातावाने बोलत होते आणि त्यात तिचे नाव, अगदी पूर्ण आणि बिनचूक, पुन्हा पुन्हा ऐकू येत होते.

चष्मेवालीने पदराने डोळे पुसले आणि उठून स्वयंपाकघराकडे निघाली.

"घरफोडे बाई," तिने दारातून वळून विचारले, "चहा घेणार का?"